फ्रान्सिस्कन प्रांताने पुढील सहा वर्षांच्या सेवाकार्याचे प्राधान्यक्रम कसे ठरवावेत

प्रांतिक चॅप्टरचा, म्हणजे धर्मसंघाच्या एका प्रांताच्या मुख्य सभेचा, शेवटचा दिवस असतो. चार वाजता समारोपाची मिस्सा असते, दुपारचे जेवण उरकलेले असते, आणि ‘पुढील प्राधान्यक्रम’ हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर तसाच उरलेला असतो. मग फळ्यावर शिक्षण, आरोग्य, महिला, युवक, पर्यावरण, आदिवासी, कुटुंब, माध्यमे असे आठ-नऊ शब्द लिहिले जातात, सगळ्यांचे हात वर होतात आणि ठराव मंजूर होतो. वर्षभराने तो कागद कुणी उघडला तर त्यातल्या एकाही शब्दामुळे एकाही धर्मभगिनीची बदली झालेली नाही, एकही घर उघडलेले नाही आणि एकही काम थांबलेले नाही, असे दिसते.

असे घडते ते निष्ठा कमी पडल्यामुळे नव्हे. कामाचा क्रम चुकल्यामुळे घडते. म्हणून या लेखात तो क्रम सविस्तर मांडला आहे. तो मुख्यतः महाराष्ट्र-गोव्यातील फ्रान्सिस्कन धर्मभगिनींच्या प्रांतांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. ब्रदर्स आणि फादर्स यांच्या संघांना अधिकारपदांची नावे बदलून तो तसाच वापरता येईल.

टप्पा १ : वेळ, अधिकार आणि समिती

चॅप्टरच्या किमान बारा महिने आधी काम सुरू करावे. आपल्याकडे चॅप्टर बहुधा मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत होते. त्या तारखेपासून मागे मोजत या आणि फेब्रुवारी-मार्चमधील बोर्डाच्या परीक्षांचे आठवडे व जूनमधील शाळाप्रवेशाचे दिवस आधीच वगळा, कारण या काळात शाळेतल्या भगिनींना कुठलीही प्रश्नावली पाठवली तरी ती रात्री अकरानंतर, डोळ्यांवर झोप असतानाच भरली जाते.

पुढची गोष्ट अधिकाराची. आपल्या संघाच्या संविधानात प्रांतिक चॅप्टरला निर्णयाचा अधिकार आहे की ते फक्त प्रांतप्रमुख आणि त्यांच्या सल्लागार मंडळाला शिफारस करते, हे पहिल्याच बैठकीत मूळ कलम वाचून लिहून ठेवावे. प्रत्येक संघात याचे उत्तर वेगळे असते. चॅप्टरने घेतलेला निर्णय नंतर ‘तो तर सल्ला होता’ म्हणून बाजूला पडला, की पुढच्या वेळी मनापासून बोलायला कुणी तयार होत नाही.

तयारी समिती पाच जणींची पुरे. तिच्यात एक तरी भगिनी चाळिशीच्या आतली असावी, एक शाळा-दवाखान्याच्या चाकोरीबाहेर काम करणारी असावी, आणि प्रांताच्या खजिनदार पहिल्या दिवसापासून असाव्यात. खजिनदारांना शेवटच्या टप्प्यात बोलावले तर आधीचे सगळे काम हवेत झालेले असते.

*इशारा :* प्रांतप्रमुखांनी समितीचे अध्यक्षपद घेऊ नये. बदलीचा अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांच्यासमोर स्वतःच्या कामाविषयी मोकळेपणे बोलणे बहुतेकींना जड जाते.

टप्पा २ : वस्तुस्थितीची वही

बहुतेक प्रांत हा टप्पा गाळतात आणि पुढची बहुतेक चुकामूक याच ठिकाणी सुरू होते. त्यामुळे इथे घाई करू नये. दोन महिने लागले तरी चालतील.

पहिले पान माणसांचे. प्रत्येक भगिनीचे आजचे वय आणि तिचे सहा वर्षांनंतरचे वय शेजारी-शेजारी लिहा. समजा, प्रांतात ६० भगिनी आणि ११ घरे आहेत. सहा वर्षांनंतर १४ जणी पंचाहत्तरीच्या पुढे असतील, ८ जणी प्रशिक्षणात किंवा उच्च शिक्षणात असतील, ६ जणी आजारी भगिनींची शुश्रूषा आणि प्रांताचा कारभार पाहत असतील. उरतात ३२. त्या ११ घरांत वाटल्या तर एका घराला तीनसुद्धा पुरत नाहीत, आणि अनेक संघांच्या संविधानांत एका कम्युनिटीत, म्हणजे एका घरात एकत्र राहणाऱ्या गटात, किमान तीन भगिनी असाव्यात असे म्हटलेले असते. एवढी एक बेरीज-वजाबाकी चॅप्टरच्या आधी सगळ्यांच्या हाती पडली, तर ‘नवे मिशन उघडू या’ हा ठराव मांडणारी भगिनी पुढचे वाक्य स्वतःहून बोलते : ‘मग बंद काय करायचे?’

दुसरे पान पैशांचे. आपल्या अनेक घरांचा स्वयंपाकघराचा खर्च अनुदानित शाळेतील एक-दोन भगिनींच्या पगारावर चालतो. महाराष्ट्रात त्या भगिनी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. कोणत्या घरातला कोणता पगार कोणत्या वर्षी थांबणार, याची यादी करा. या पगारातून प्राप्तिकर पगार देतानाच कापला जावा, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम ठेवला आहे. त्यामुळे हाती किती येते याचे गणित जुन्या अंदाजांवर करू नये. परदेशी निधीवर चालणारी कामे वेगळी लिहा. एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालील नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते, २०२० च्या दुरुस्तीनंतर हा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे. सहा वर्षांच्या योजनेच्या मधोमध नूतनीकरण येणार असेल, तर ती तारीख लाल शाईने लिहावी.

तिसरे पान कामाचे. इथे मत लिहायचे नाही, नोंद लिहायची. मी चर्चा चालवणारी साहाय्यक म्हणून बसले होते अशा एका प्रांतात एका खेड्यातल्या दवाखान्यावरून दोन बैठका वाद चालला होता. ‘गावाला आपली गरज आहे’ हे वाक्य प्रत्येक वेळी ठामपणे म्हटले जात होते. शेवटी एका तरुण सिस्टरने दवाखान्याच्या तीन वर्षांच्या नोंदवह्या टेबलावर आणून ठेवल्या. निळ्या पुठ्ठ्याच्या त्या वह्यांमध्ये तिने बाजाराच्या दिवसाची पाने कागदाच्या चिठ्ठ्यांनी वेगळी केली होती. बाजाराच्या दिवशी पाने भरलेली होती, इतर दिवशी पाच-सात नावे होती आणि त्यांतली बरीच नावे पुन्हा पुन्हा येणारी होती. ती होती रक्तदाब तपासायला येणारी म्हातारी माणसे. तापाची मुले आणि गरोदर बायका आता प्राथमिक आरोग्य केंद्रात जात होत्या. गावाला गरज होतीच. पण ती आपण समजत होतो ती नव्हती. एकट्या म्हाताऱ्या माणसांकडे कुणीतरी आठवड्यातून एकदा जाण्याची गरज होती, आणि त्यासाठी इमारत लागत नव्हती.

*पडताळणी :* प्रत्येक कामाच्या पानावर या तीन ओळी भरल्या आहेत का? हे काम गेल्या वर्षी नेमके किती लोकांपर्यंत पोहोचले. त्यांतले किती जण पैसे देऊन दुसरीकडे जाऊ शकले असते. आपण उद्या थांबलो तर हे काम कोण करेल. दुसऱ्या ओळीचे उत्तर ‘बहुतेक सगळे’ असेल, तर त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवा. टप्पा ५ मध्ये तिथे परत यायचे आहे.

टप्पा ३ : ऐकणे

आधी घरातले ऐकावे, मग बाहेरचे. घरातले ऐकताना प्रश्न कसा विचारला यावर सारे अवलंबून असते. ‘आपल्या शाळेचे भवितव्य काय असावे?’ असे विचारले की शाळा राहणार हे प्रश्नातच ठरून जाते. त्याऐवजी असे विचारावे : ‘गेल्या वर्षभरात आपल्या दारात कोण आले आणि काही न मिळता परत गेले?’ किंवा ‘कोणते काम करताना तुम्हाला प्रार्थनेसाठी वेळ मिळत नाही?’ दुसरा प्रश्न फ्रान्सिस्कन घरात मुद्दाम विचारावा. आपल्या बांधवांसाठी लिहिलेल्या १२२३ च्या नियमावलीच्या पाचव्या प्रकरणात संत फ्रान्सिस कामाची मुभा देतो ती प्रार्थनेचा आत्मा विझू नये या अटीवर. संत अंतोनी या आपल्या बांधवाला इतर बांधवांना ईशशास्त्र शिकवण्याची परवानगी देतानाही त्याने हीच अट घातली. ज्या कामाने एखाद्या घरातली सायंप्रार्थना वर्षानुवर्षे तीन जणींपैकी एकीच्याच वाट्याला येते, ते काम कितीही चांगले असले तरी त्याची चर्चा व्हायलाच हवी.

उत्तरे लेखी आणि वैयक्तिक घ्यावीत. सुपिरियरने, म्हणजे घरप्रमुख भगिनीने, गोळा करून एकत्रित पाठवलेल्या उत्तरात घराचा सूर येतो, माणसाचा येत नाही. वृद्ध भगिनींना लिहिणे जमत नसेल तर समितीतल्या एकीने त्यांच्याजवळ बसून त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. अंथरुणाला खिळलेल्या भगिनींना वगळणे ही नेहमीची आणि खरोखर दुःखाची चूक आहे.

आता बाहेरचे ऐकणे. इथे आपण सवयीने बिशप, धर्मग्रामाचे फादर, मुख्याध्यापिका आणि पालक संघाचे अध्यक्ष यांच्याकडे जातो. त्यांच्याकडे जावेच. पण त्याआधीच्या, १२२१ च्या नियमावलीचे नववे प्रकरण सांगते की, ज्यांना लोक तुच्छ लेखतात त्या गरीब, दुबळ्या, आजारी, कुष्ठरोगी आणि वाटेवर भीक मागणाऱ्या माणसांमध्ये राहायला मिळाले तर बांधवांनी आनंद मानावा. म्हणून यादीत त्यांची नावे हवीत. पालघर-डहाणूकडे घर असेल तर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे, किनाऱ्यावर घर असेल तर मासळी विकणाऱ्या बायका, गोव्यात घर असेल तर बांधकामावर आलेले परप्रांतीय मजूर. यांतले बहुतेक जण ख्रिस्ती नसतील. त्यांचे म्हणणे तितक्याच काळजीने लिहून घ्यावे.

आपल्या संस्थांतले शिपाई, आया, परिचारिका आणि स्वयंपाकघरातल्या मावशी यांनाही विचारावे, मात्र ज्या सिस्टरच्या हाताखाली त्या काम करतात तिला सोबत नेऊ नये. मावशी चहा देतील, ‘सगळं चांगलं आहे, सिस्टर’ म्हणतील आणि पदराला हात पुसत आत निघून जातील.

*इशारा :* भट्टीवरची माणसे नोव्हेंबर ते मे या काळात भट्टीवर आणि पावसाळ्यात पाड्यावर असतात. ऐकायला चुकीच्या महिन्यात गेलात तर पाड्यावर फक्त म्हातारी माणसे भेटतील आणि तेच गावाचे मत म्हणून नोंदले जाईल.

टप्पा ४ : एकत्र प्रार्थना आणि संवाद

गोळा झालेले सगळे दहा पानांत आणावे, त्याहून अधिक नको. हा मजकूर प्रत्येक घरी पाठवावा आणि त्यानंतर प्रांताच्या दोन-तीन विभागीय बैठका घ्याव्यात. या बैठकांत अजून काही ठरवायचे नाही.

ऑक्टोबर २०२३ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये रोममधील सिनडमध्ये, म्हणजे चर्चच्या जागतिक सभेत, गोल टेबलांभोवती जी ‘आत्म्यातील संवाद’ पद्धत वापरली गेली, ती इथे चांगली चालते. सहा ते आठ जणींचे वर्तुळ करावे. पहिल्या फेरीत प्रत्येकीने मजकूर वाचून प्रार्थनेत जे उमगले ते तीन मिनिटांत सांगावे, मध्ये कुणी बोलू नये. मग शांतता. दुसऱ्या फेरीत स्वतःचे मत पुन्हा मांडायचे नाही, दुसऱ्या कुणाच्या बोलण्यातले काय मनाला भिडले ते सांगायचे. पुन्हा शांतता. तिसऱ्या फेरीतच मोकळी चर्चा करून वर्तुळात काय उगवते आहे, कुठे एकमत आहे आणि कुठे टोचते आहे, ते लिहायचे.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे पहिल्याच फेरीत उत्तर-प्रत्युत्तर सुरू होते. दुसरी अधिक खोल आहे : सर्वांत ज्येष्ठ किंवा सर्वांत अधिकारी भगिनी आधी बोलते आणि बाकीच्या तिच्या सुरात सूर मिसळतात. संत फ्रान्सिसची अनुयायी संत क्लारा हिने १२५३ मध्ये मान्यता मिळालेल्या आपल्या नियमावलीत मठाच्या हितासाठी सर्व भगिनींचा सल्ला घ्यायला सांगितले आहे, कारण प्रभू पुष्कळदा सर्वांत लहानीलाच अधिक चांगले ते दाखवतो. म्हणून बोलण्याची सुरुवात वर्तुळातल्या सर्वांत तरुण भगिनीपासून करावी. हा नियम साहाय्यकाने आधी जाहीर करावा, म्हणजे कुणाला अवमान वाटत नाही. स्वतः फ्रान्सिसने, आपण फक्त प्रार्थनेत राहावे की उपदेशालाही जावे, हा प्रश्न क्लारा आणि बंधू सिल्व्हेस्टर यांच्याकडे पाठवला होता आणि त्यांचे उत्तर मानले होते, ही कथा या बैठकीच्या आरंभी वाचावी.

*पडताळणी :* प्रत्येक वर्तुळाच्या टिपणात ‘टोचते आहे’ या मथळ्याखाली काहीतरी लिहिलेले आहे का? ती जागा कोरी असेल तर त्या वर्तुळात अजून खरे बोलणे झालेले नाही.

टप्पा ५ : निवड

निवडीसाठी चॅप्टरचे पहिले दोन दिवस द्यावेत. निवडणुका नंतर घ्याव्यात. आधी निवडणूक झाली की नव्या प्रांतप्रमुखांना काय आवडेल याचा अंदाज घेत मते दिली जातात. संविधानात क्रम उलटा बांधून दिलेला असेल तर तो पाळावाच लागेल. मग निवड निदान दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या मनाने करावी.

प्राधान्यक्रम तीनपेक्षा जास्त नसावेत. ३२ हात चार दिशांना पसरले की कुठेच पुरत नाहीत. प्रत्येक प्रस्ताव पुढच्या पाच प्रश्नांवर तपासावा आणि उत्तरे फळ्यावर सगळ्यांना दिसतील अशी लिहावीत :

१. आपण कोणासोबत असणार आहोत? ‘गरीब’ हे उत्तर नाही. गाव, वस्ती किंवा समूह सांगा.
२. तिथे आपण लहान होऊन राहू शकतो का, की पहिल्याच दिवशी मालक, व्यवस्थापक किंवा दाता होणार आहोत?
३. आपले बोलणे सुरू होण्याआधी आपले राहणेच साक्ष देईल का? १२२१ च्या नियमावलीचे सोळावे प्रकरण अन्य धर्मीयांमध्ये राहण्याच्या दोन रीती सांगते. पहिली, वाद-भांडण न करता देवासाठी सर्वांच्या अधीन राहणे आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करणे. दुसरी, प्रभूला आवडेल तेव्हा त्याचे वचन सांगणे. ज्या प्रस्तावात पहिलीला जागाच नाही, तो अजून कच्चा आहे.
४. कोणत्या भगिनी जाणार? संख्या सांगा, आणि जमल्यास त्यांची तयारी आधीच विचारा.
५. यासाठी आपण काय सोडणार?

पाचव्या प्रश्नाशी प्रस्ताव अडखळतात. अडखळू द्यावे. टप्पा २ मधली कोपरा दुमडलेली पाने आता उघडावीत. ‘आहे ते सगळे चालू ठेवून’ असे शब्द कोणत्याही प्रस्तावात आले, तर साहाय्यकाने तो प्रस्ताव न रागावता गटाकडे परत पाठवावा.

टप्पा ६ : सोडण्याची तयारी

काम सोडण्याविषयी आपण फार कमी बोलतो, कारण ते आपल्याला अपयशासारखे वाटते. ज्या भगिनीने तिथे तीस वर्षे घालवली तिच्यासाठी तर तो शोकच असतो. निर्णय जाहीर होण्याआधी प्रांतप्रमुखांनी त्या घरी स्वतः जाऊन, निदान एक रात्र मुक्काम करून तो सांगावा. परिपत्रकातून कळवणे हा अन्याय आहे.

त्यानंतर चर्चच्या कायद्याचा भाग. धर्मसंघाचे घर बंद करायचे असल्यास धर्मप्रांताच्या बिशपांशी सल्लामसलत करून संघाच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी निर्णय घ्यायचा असतो (कलम ६१६). घर तसेच ठेवून त्यातले काम बदलायचे असेल, म्हणजे शाळेच्या जागी वृद्धाश्रम करायचा असेल, तर बिशपांची संमती लागते (कलम ६१२). हा दुसरा नियम अनेकींना माहीत नसतो आणि पाटी बदलल्यावर पत्रव्यवहार सुरू होतो. नवे घर उघडायला बिशपांची लेखी पूर्वसंमती लागते (कलम ६०९), आणि बिशपांनी सोपवलेले काम घेताना लेखी करार करावा लागतो, ज्यात काम, माणसे आणि पैसा यांचा स्पष्ट उल्लेख असतो (कलम ६८१). मालमत्ता विकताना संघातल्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते आणि रक्कम ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर रोमचीही लागते (कलम ६३८).

देशाच्या कायद्याचा भाग वेगळा आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला स्थावर मालमत्ता विकायला, अदलाबदल करायला किंवा दान द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि इतर जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असली तरीही ती लागते. गोव्यातील घरांसाठी तिथल्या नोंदणीप्रमाणे स्वतंत्र सल्ला घ्यावा. या परवानग्यांना लागणारा वेळ आपल्या हातात नसतो, म्हणून ‘इमारत विकून येणाऱ्या पैशांतून नवे मिशन’ अशी योजना कधीच करू नये.

कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि त्यांना पुढे काम मिळवून देण्याचे प्रयत्न हे सगळे घर बंद होण्याच्या तारखेआधी पूर्ण व्हावे. शाळेचे जनरल रजिस्टर कोणाकडे सुपूर्द केले याची पोच घ्यावी. वीस वर्षांनी एखादा माजी विद्यार्थी जन्मतारखेच्या दाखल्यासाठी येईल तेव्हा त्याला कुठे पाठवायचे, हे कुणाला तरी माहीत हवे. मिस्साची पात्रे, घराची रोजनिशी आणि तिथल्या दफनभूमीतल्या भगिनींच्या कबरींची देखभाल यांसाठीही एकेक नाव लिहून ठेवा.

*इशारा :* नव्या कामाची तारीख जुने काम संपण्याच्या तारखेआधी ठेवू नका. तशी ठेवली की त्याच भगिनी दोन्हीकडे ओढल्या जातात आणि वर्षभरात नवे काम गुपचूप थांबते.

टप्पा ७ : लिहिणे

प्रत्येक प्राधान्यक्रम एका परिच्छेदात लिहावा. फरक पाहा.

कच्चा मसुदा : ‘आदिवासी समाजाच्या सर्वांगीण उन्नतीसाठी प्रयत्नशील राहणे.’

पक्का मसुदा : ‘वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांसोबत राहण्यासाठी पुढील दिवाळीपूर्वी तीन भगिनींची एक कम्युनिटी भाड्याच्या घरात सुरू करणे, भट्टीच्या हंगामात मुलांची शाळा सुटू नये यासाठी जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसोबत काम करणे, यासाठी तालुक्याच्या गावातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून दोन भगिनींना आणि प्रांत कार्यालयातून एकीला मोकळे करणे.’

दुसऱ्या मसुद्यात विशेषण जवळजवळ नाही. कोण, कुठे, कधी आणि कशाच्या बदल्यात, एवढेच आहे. मतदान याच मजकुरावर घ्यावे, त्याच्या मथळ्यावर नको.

टप्पा ८ : बदल्या, अंदाजपत्रक आणि फेरतपासणी

चॅप्टरनंतरची पहिली बदल्यांची यादी आणि पहिले अंदाजपत्रक ही प्राधान्यक्रमांची खरी परीक्षा असते. समितीने विसर्जित होण्यापूर्वी या दोन्ही कागदांवर मंजूर झालेल्या तीन परिच्छेदांच्या खुणा शोधाव्यात. एकही बदली किंवा एकही खर्चाची ओळ सापडली नाही, तर प्रांतप्रमुखांना लेखी कळवावे.

फेरतपासणी दरवर्षी एकदा, अर्ध्या दिवसात करावी. तिथे अहवाल वाचू नयेत. ज्यांच्यासोबत राहायचे ठरवले होते त्यांच्यापैकी दोघा-तिघांना बोलवावे आणि टप्पा ३ मधला प्रश्न त्यांनाच विचारावा : वर्षभरात आमच्या दारातून कोण रिकामे परत गेले? बैठक भट्टीच्या हंगामात असेल तर ती भट्टीवरच, रविवारी दुपारी, त्यांना सुट्टी असेल त्या वेळी ठेवावी, आणि जाताना बसायला आपल्या चटया आपणच न्याव्यात.